पटावरची चौदा नावं

मंगळवारी दुपारी बाईंनी रजिस्टर इतक्या जोरात मिटलं की टेबलावरचा शाईचा पॅड उडाला आणि शिपाईमामांच्या पायावर जाऊन पडला. मामांनी तो उचलला, झाकण लावलं, जागच्या जागी ठेवला. एका खोलीत पंधरा वर्षं काढली की कधी बोलायचं आणि कधी नुसता पॅड उचलायचा, हे माणसाला कळतं.

बाई म्हणजे सरकारी हायस्कूलच्या क्लार्कबाई. वर्गात शिकवत नाहीत, पण शाळेतल्या एकूण एक पोराची जन्मतारीख, आईचं नाव आणि घराची वाट त्यांना तोंडपाठ. त्यांना संताप आणणारं पत्र समोर पडलं होतं. मजकूर गोड होता, शिक्षण खात्याची पत्रं नेहमी गोडच असतात. ज्या शाळेचा दहावीचा निकाल सलग दोन वर्षं पन्नास टक्क्यांच्या खाली जाईल, तिथला दहावीचा वर्ग 'विद्यार्थ्यांच्या हितासाठी' बंद करून दुसऱ्या शाळेला जोडण्यात येईल. निकाल परीक्षेला बसलेल्यांवर काढायचा नाही, पटावर जितकी नावं आहेत तितक्यांवर काढायचा. आणि खाली बारीक अक्षरात: पट अद्ययावत करून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवावा.

दुसरी शाळा हायवेच्या पलीकडे, सहा किलोमीटरवर. मधे धड फुटपाथ नाही. पोरी तिकडे जाणार नाहीत, म्हणजे घरचे जाऊ देणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मागच्या वर्षीचा निकाल पन्नासच्या खालीच होता. या वर्षी पटावर एकशे बारा नावं. परीक्षेला बसली एकाहत्तर. पास झाली एकोणपन्नास. बसलेल्यांत मोजलं तर शंभरात एकोणसत्तर, म्हणजे छाती पुढे काढून चालावं असा निकाल. पटावर मोजलं तर निम्मेसुद्धा नाहीत.

"बाई, सोपं आहे," हेडसर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला होता. "जी एक्केचाळीस बसलीच नाहीत, ती तीन महिन्यांहून जास्त गैरहजर. नियमानं नावं कापता येतात. कापा. एकोणसत्तर टक्के. शाळा वाचली, तुम्ही सुटलात, मी सुटलो."

"आणि ती एक्केचाळीस?"

"ती तर आधीच गेलीत!"

"गेली नाहीत. बाहेर आहेत."

"बाहेर म्हणजे गेलीच ना, बाई!"

शिक्षकांच्या खोलीतून गणिताचे सर चहाचा कप घेऊन दारात आले. "बाईंना वर्षानुवर्षं सांगतोय. हजेरीला नाही त्याचं नाव कापा. नाही म्हणे. घ्या आता. तुमच्या मायेनं शाळेला टाळं लागतंय."

सर खोटं बोलत नव्हते. बाकीच्या शाळांतले क्लार्क दिवाळखोर दुकानदार माल काढतो तशी नावं काढून टाकत. यांच्या हातून एकही निघत नसे. ही त्यांची खोड म्हणा, हट्ट म्हणा, चूक म्हणा. त्याला कारण होतं.

बाई नववीत होत्या तेव्हा आईबरोबर वीटभट्टीवर चार महिने गेल्या. परत आल्या त्या दिवशी दप्तर घेऊन थेट शाळेत. तेव्हाच्या क्लार्कनं रजिस्टर फिरवून त्यांच्याकडे केलं आणि एका तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "ही तू. कापली." आई शेजारी उभी होती. पुन्हा नाव घालायचा अर्ज करता येतो, हे तिला कोण सांगणार? ती "बरं" म्हणाली आणि दोघी घरी आल्या. त्या एका 'बरं'ला बाईंची बारा वर्षं लागली. याच शाळेत झाडू मारता मारता त्यांनी बाहेरून दहावी दिली, मग टायपिंग, मग क्लार्कची परीक्षा. त्या खुर्चीत बसल्या त्या दिवशी तांबडं पेन ड्रॉवरच्या तळाशी टाकलं.

त्याऐवजी त्यांनी पेन्सिल धरली. खात्याच्या तक्त्यात रकाने किती! मुलगे किती, मुली किती, घरात बोलतात कोणती भाषा, बाप काय करतो, आईला सही येते का, घर पक्कं की कच्चं. पोराचा पार इतिहास-भूगोल विचारतात. पण पोरगं आत्ता या घटकेला आहे कुठं, हा रकाना त्यात नाही. म्हणून बाईंनी तो स्वतः आखला, रजिस्टरच्या उजव्या कडेला, बोटभर रुंदीचा. त्यात बारीक पेन्सिलीनं लिहायचं: 'पुलाच्या कामावर, आई-बापाबरोबर.' 'धाकट्या भावाला सांभाळते.' 'गॅरेजात.' 'लग्न लावलं.' सरकारी रजिस्टरात पेन्सिल चालत नाही. तपासणीला येणारा दरवर्षी शेरा मारून जाई, आणि बाई त्याच्या शेऱ्याखाली पुढच्या वर्षाचा रकाना आखत.

आता नाव कापलं की काय होतं? दोन महिन्यांनी पुरवणी परीक्षा आहे. पटावर नाव असलं तर शाळेतून एक फॉर्म, एक सही, झालं. नसलं तर बाहेरून बसा, प्रतिज्ञापत्र आणा, केंद्र शोधा, ऑफिसला चार खेटे घाला. चौथ्या खेट्याला पोरगं जात नाही, कामाला जातं. हे बाईंना कुणी तक्ता काढून शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी चिठोऱ्यावर हिशेब मांडला. पास एकोणपन्नास. पट अठ्ठ्याण्णव झाला तर नेमके पन्नास टक्के. एकशे बारातून चौदा.

"सर, एक्केचाळीस नाही. चौदा कापते."

"कोणती चौदा?"

"ज्याचं नाव, त्यानं स्वतः सांगायचं. ज्यानं तोंडानं 'मी येत नाही' म्हटलं, त्याचंच."

"शुक्रवारपर्यंत तुम्ही दारोदार विचारत फिरणार?"

"मग काय चिठ्ठ्या टाकू?"

हेडसरांनी डोकं धरलं. पण दोन दिवसांच्या रजेवर सही केली.

बुधवारी आणि गुरुवारी बाई पेन्सिलीचा रकाना घेऊन वणवण फिरल्या. पाच पोरं दुसऱ्या गावी शाळेत बसलेली निघाली. आयांनी फोनवर सांगितलं, पोरांनीही फोन घेऊन 'येत नाही' म्हटलं, दाखला मात्र कुणी मागितलाच नव्हता, दाखला मागायचा असतो हे कुठं माहीत! बाईंनी पाचही जणींना फोनवरच झापलं आणि मग पोरं कशी आहेत विचारलं. आठ मुलगे गॅरेजात, ट्रकवर, लाकडाच्या वखारीत सापडले; आठही जणांनी 'येत नाही' म्हटलं. त्यातला एक गाडीखालून नुसतं डोकं बाहेर काढून म्हणाला, "बाई, खरं सांगू? तुम्ही माझं नाव ठेवलंय म्हणून मला गुन्हेगारासारखं वाटतं. काढून टाका."

"मनापासून सांगतोस?"

"मनापासून. आणि गाडीवरचा हात काढा, रंग ओला आहे."

लग्न लावलेल्या दोघींपैकी एकीचा नवरा दारात आडवा उभा राहिला. "आता तिचं काय काम शाळेत?"

"लग्न झालंय, मेली नाही," बाई म्हणाल्या. "तिला बोलू द्या." आतून ती पोरगी म्हणाली, "राहू दे नाव." इतकंच म्हणाली, पण म्हणाली. दुसरीनं हातातलं अंगावर पिणारं बाळ दुसऱ्या कुशीला घेतलं आणि पुरवणी परीक्षेची तारीख विचारली.

पुलाच्या कामावर पोचायला गुरुवारची दुपार झाली. अर्धवट खांब, वर सळ्यांचे झुबके, खाली पत्र्याची खोपटं. तिथं पाढेवाली होती. तिचं खरं नाव वर्गातही कुणी घेत नसे, एकोणतीसचा पाढा ती उलटा म्हणत असे म्हणून हे नाव पडलं होतं. डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, हातात वही. मुकादमानं तिला काँक्रीटच्या गाड्या मोजायला बसवलं होतं.

बाईंना पाहून ती उठून उभी राहिली. नमस्कार नाही, काही नाही. पहिलं वाक्य: "बाई, माझं नाव आहे ना अजून?"

उन्हानं की कशानं, बाईंचा आवाज एकदम चढला. "आहे! नाही तर कुठं जाणार? उठून चालायला नावाला काय पाय असतात?"

बाप मागं येऊन उभा राहिला होता. तो शांतपणे म्हणाला, "नाव असलं तर परीक्षेला पाठवतो. नसलं तर कशाला उगाच पोरीच्या जिवाला घोर?"

त्या एका वाक्यात खात्याच्या सगळ्या परिपत्रकांपेक्षा जास्त अक्कल होती. पण त्या माणसाला परिपत्रक काढायला कोण बसवतंय?

गुरुवारी संध्याकाळी बाई शाळेत परतल्या तेव्हा यादी तेरावर थांबली होती. बाकी अठ्ठावीस. काहींनी येतो म्हटलं होतं, चौघं भेटलीच नव्हती, आणि न भेटलेल्याच्या तोंडून बाई काही वदवणार नव्हत्या.

"नव्व्याण्णव," हेडसरांनी गणकयंत्रावर बोटं मारली. "एकोणपन्नास पूर्णांक एकोणपन्नास. अहो बाई, एका नावावर अडलंय! ती चौघं भेटलीच नाहीत ना? त्यातलं कुठलंही एक घ्या."

"नाही."

"एका नावासाठी सबंध वर्ग घालवणार? पुढच्या वर्षीच्या पोरींचं काय, त्यांची नाही येत दया?"

हा वार बरोबर बसला. बाई चरफडत घरी आल्या. भाची जेवून झोपली होती. तिला न उठवता त्या भांडी घासत बसल्या, आणि भांड्यांनी बरंच काही ऐकून घेतलं.

भाची म्हणजे बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हापासून बाईंकडेच. दहावीच्या पहिल्या चाचणीचा निकाल लागल्यावर ती शाळेत जायची बंद झाली आणि कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसली. त्याला आठ महिने झाले. घरात आदळआपट झाली, अबोला झाला, समेट झाला. रजिस्टरात तिच्या नावापुढं मात्र पेन्सिलीनं पहिल्या दिवसापासून दोनच शब्द होते: 'घरी. येईल.'

शुक्रवारी सकाळी शाळेत जाताना बाई दुकानाशी थांबल्या. का थांबल्या ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. भाची मशीनवर शाळेच्या गणवेशाची कॉलर लावत होती. समोर पांढऱ्या शर्टांचा ढीग.

"किती सापडले, मावशी?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तेरा."

"चौदा लागतात ना? शिपाईमामा सांगत होते."

"मामांना सांगायला आणखी काही नाही वाटतं."

मशीन थांबलं. "दोन दिवस तू सगळ्या गावाला विचारत फिरलीस. गाडीखाली झोपलेल्यालासुद्धा विचारलंस. मला कधी विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तू घरातलीच."

"म्हणूनच विचार."

बाईंना राग आला. राग हा त्यांना नेहमी सगळ्यांत आधी येतो, बाकीचं मागाहून. "मी बारा वर्षं घासली त्या कागदासाठी! आणि तुला आयता मिळतोय तर—"

"तुला हवा होता, मावशी. मला वर्गात बसलं की कान बंद झाल्यासारखं व्हायचं. इथं नाही होत." तिनं कॉलर उलटी करून दाखवली. शिलाई सरळ होती, पट्टी लावून मारल्यासारखी. "मी येत नाही. तोंडानं सांगते. काप."

"उद्या वाटलं तर?"

"तर अर्ज करीन. अर्ज असतो, हे मला माहीत आहे ना. तूच दहा वेळा सांगितलंयस."

बाईंनी ढिगातला वरचा शर्ट उचलला, उगाचच झटकला, पुन्हा ठेवला. मग म्हणाल्या, "जेवायला वेळेवर ये," आणि निघाल्या.

ऑफिसात त्यांनी ड्रॉवर तळापर्यंत उपसला. तांबडं पेन वाळलं होतं. मामांनी दुसरं आणून दिलं. तेरा रेघा पटापट मारून झाल्या. चौदाव्या नावाशी बाईंनी फूटपट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. रेघ मारली. मग रबर घेऊन उजव्या कडेचं 'येईल' खोडलं आणि तिथं लिहिलं: 'शिवणकाम. विचारलं.'

हेडसरांनी बेरीज तीनदा तपासली. "पन्नास. नेमके पन्नास! बाई, एकोणसत्तर मिळत होते हो. वरिष्ठांना काय तोंड दाखवू?"

"पोरांना पस्तीसला पास करता ना? शाळेला पन्नासला करा."

"आणि तपासणीला आले तर, ही पेन्सिल?"

"शेरा मारू द्या. जागा ठेवली आहे."

हेडसरांनी सही केली, शिक्का मारला आणि पट गेला. बाई मटकन खुर्चीत बसल्या. मामांनी चहा पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"चहा नंतर. मामा, पुरवणीचे सत्तावीस फॉर्म काढा. आणि पुलाकडं जाणारी बस किती वाजता ते बघा. त्या पोरीच्या बापाची सही आजच आणते, उद्याचा काही भरवसा नाही."