पानावरचा ग्लास आणि दुकानातलं कपाट

दुकानात काचेचं कपाट बसवत होते, तेव्हा मी डाळींच्या मांडणीजवळ उभी होते. कपाटाला कुलूप होतं. आदल्याच दिवशी टीव्हीवर ऐकलं होतं, मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यावी की नाही यावर पुन्हा बोलणं चाललंय. ठेवलीच तर कुलपाच्या कपाटात ठेवायची, असंही कोणीतरी म्हणत होतं.

हे दुकान मला फार सोयीचं आहे. आधी ते एका गाळ्याचं होतं. फळीच्या पलीकडे शेठ आणि अलीकडे गोडाऊनचे हमाल, शिफ्ट सुटलेले पॉवरलूमवाले, सगळे एकदम ओरडायचे. त्यांच्या मागे उभी राहून मला साधा गूळ मागता यायचा नाही. कितीदा तशीच घरी आले आहे. मग शेठनी शेजारचा गाळा घेतला आणि मधली भिंत काढली. तेव्हापासून आपण आपल्या हाताने टोपलीत घ्यायचं आणि गल्ल्यावर नेऊन ठेवायचं, एक शब्द बोलावा लागत नाही. आणि वाईनची बाटली येणार म्हणतात ती अशाच दुकानात.

आमचे हे गोडाऊनचा टेम्पो चालवतात. आधी प्यायचे, रोज प्यायचे. एकदा उलटीत रक्त पडलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता एक घोटही घेतला तर मला दाखवायला आणू नका. तेव्हापासून सोडली. सोडली म्हणजे काय ते मी बघितलंय. हात कापायचे, घामाने अंथरूण भिजायचं, उगाच भिंतीकडे बघत बसायचे. नाक्यावर वाईन शॉप आहे, म्हणून अजून ते नाक्यावरून जात नाहीत, कोन गावाच्या बाजूने वळसा घालून टेम्पो आणतात. संध्याकाळी घरात बसवत नाही, तेव्हा पिशवी घेऊन या दुकानात जातात. शेठशी बोलतात, तांदूळ हातात घेऊन बघतात, कधी बिस्किटं आणतात. संध्याकाळची तेवढी एकच जागा त्यांना उरली आहे.

लोक म्हणतात, ज्याला प्यायची तो कुठूनही आणील, दुकानात ठेवली म्हणून काय बिघडतं. शेजारीण म्हणाली, वाईन म्हणजे द्राक्षाचा रस. असेल. पण माझ्या नवऱ्याला प्यायची नाही. ज्याला प्यायची नाही त्याच्याबद्दल टीव्हीवर कोणी बोललं नाही.

मला दुसरी भीती पितरांच्या दिवसाची होती. आमच्या घरी गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या पानावर ठेवतात. माझ्या सासऱ्यांच्या पानावर भात, वडे, भाजलेले बोंबील आणि दारूचा ग्लास असतो. ते दारूनेच गेले, तरी ग्लास असतो. पान पत्र्यावर ठेवायचं, कावळा शिवला की खाली आणायचं आणि मुलाने त्या ग्लासातला एक घोट घ्यायचा. बापाचा घोट म्हणतात त्याला. मुलगा एकच, आमचे हे.

यांनी सोडली त्या वर्षी मी त्या घोटाच्या विचाराने जेवत नव्हते. मोठ्या नणंदबाई अंजूरहून दर वर्षी येतात. त्यांचं सगळं रीतीला धरून असतं. लहानपणी ग्लास आणि बोंबील बापापुढे त्याच नेऊन ठेवायच्या, म्हणून त्यांना त्या ग्लासाचं फार. मी त्यांना हळूच सांगितलं, हे त्या रस्त्याने जात नाहीत, आणि मी बाईमाणूस, वाईन शॉपवर कशी उभी राहू? त्यांनाही ते पटलं. घरची सून तिथे दिसली तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मग मी त्यांच्या देखतच कोरा चहा केला आणि गार करून ग्लासात ओतला. रंग तोच दिसतो. यांनी घोट घेतला आणि तोंड पुसलं. तेव्हापासून चहाच ठेवते. माझं लाजणं तेवढं एकदा कामाला आलं.

या वर्षी नणंदबाईंनीही टीव्ही बघितला होता. फोनवर म्हणाल्या, "आता काय अडचन हाय गो तुला? डाळीतांदळासंगं टोपलीत टाकून आन. चार वर्सं बापाला चाय पाजतेस, तो वरून शिव्या घालत असंल."

बघते म्हणून मी फोन ठेवला.

त्यानंतर शेठला विचारायचं म्हणून मी रोज दुकानात जायला लागले. कपाटाच्या काचेवर आतून कागद चिकटवले होते, आत काय ठेवणार ते दिसत नव्हतं. गल्ल्यापाशी गेले की विचारायच्या ऐवजी मी समोरची मिठाची पिशवी उचलून गल्ल्यावर ठेवायची. घरात मिठाच्या पिशव्या साठल्या. हे एकदा डबा उघडून म्हणाले, "मासं खारवायला घेतेस काय?" मी हसले. पण हे पिशवी घेऊन निघाले की परत येईपर्यंत मी दारात उभी राहायची. आले की जवळून जाऊन वास घ्यायची. त्यांना ते कळत असणार.

शेवटी एका दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. शेठ म्हणाले, काय? मी परत म्हटलं, "त्या कपाटात बाटल्या ठेवणार का?"

शेठनी हातातलं वजनाचं माप खाली ठेवलं. म्हणाले, "भाभी, अजून परवानगी कुठे आहे? तूप आणि बच्चों के दूध पावडरचे डबे चोरीला जातायत, म्हणून कुलूप लावलं." मग जरा थांबून म्हणाले, "पण परवानगी आली तर ठेवावी लागेल. समोरच्याने ठेवली आणि मी नाही, तर माझं गिऱ्हाईक जाईल."

ते खोटं बोलले नाहीत. तेवढ्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

पितरांच्या दिवशी नणंदबाई आल्या त्या आधी स्वयंपाकघरात शिरल्या. ओट्यावरचा ग्लास उचलून वास घेतला. "चायच हाय. मिलाली न्हाय का दुकानात?"

अजून येत नाही, असं मी म्हटलं.

"मग पुढल्या वर्सी. तवा ऐकनार न्हाय."

हे दारात उभे होते. पान घ्यायला आले होते. त्यांनी ग्लासही घेतला, दोन्ही पत्र्यावर नेऊन ठेवलं आणि कावळा शिवेपर्यंत तिथेच थांबले. खाली आल्यावर रीतीप्रमाणे घोट घेतला आणि सगळ्यांच्या देखत बहिणीला म्हणाले, "ताय, पुढल्या वर्सी खरी ठेवलीस तर मी एक घोट घेऊन थांबनार न्हाय. मला म्हाईत हाय मी कसा हाय."

नणंदबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि त्या बोंबलाचे काटे काढत बसल्या. जाताना त्यांनी मला वर्षभर पुरेल एवढं तिखट दिलं. ग्लासाबद्दल मात्र हो किंवा नाही काहीच म्हणाल्या नाहीत. पुढल्या वर्षी काय करतील, मला सांगता येत नाही.

त्या दिवसानंतर हे पिशवी घेऊन थेट दुकानात जात नाहीत. आधी मी जाऊन येते. टोपलीत काहीतरी टाकते, कपाटापर्यंत जाते, काचेतून बघते. आता कागद काढलेत. घरी आले की हे चपला घालून तयार असतात.

"कपाटात काय हाय?"

"तूप," मी म्हणते. "आणि दुधाचे डबे."

मग ते जातात. मी दारात उभी राहते.