रविवारी लुकलुकणारा दिवा

इथे पहिल्यांदाच लिहितेय. इतकी वर्षं तुमचे अनुभव नुसते वाचत आले, तेही मनातल्या मनात प्रत्येकाचं कारण शोधत. आमच्या घरात भूत, नजर, संकेत या शब्दांना जागाच नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं मागे टाकलं. बाबा तर गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला सिग्नलवर काच खाली करून विचारतात, "ब्रेक चालू आहेत ना?" आणि मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टर. एखादी गोष्ट नेमकी कधी बिघडते हे शोधणं हेच माझं काम. त्यामुळे जे झालं ते फक्त क्रमाने सांगते.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबा माझ्याकडे हडपसरला राहायला आले. माझी छोटी सेकंडहँड गाडी आहे. रोज मी एकटी ऑफिसला जाते, रविवारी सकाळी आम्ही तिघं विहारात.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गाडी थरथरत होती. परत येतानाही तेच. सोमवारी ऑफिसला जाताना मात्र... काहीच नाही.

फुरसुंगी रोडला राजाभाऊंचं गॅरेज आहे. त्यांनी स्कॅनर लावला. "तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, मधीच पेटत नाय. ठिणगी देणारी कॉइल असती, ती तीनची काढून एकला लावतो. आता एक नंबर बिघडला तर कॉइल गेली. तीनच बिघडला तर कॉइल बरी हाय." मग म्हणाले, "आणि मॅडम, हा दिवा लुकलुकला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची. दामटली तर इंजिन बसंल."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच, पुन्हा तीन नंबर. मग प्लग बदलले, इंजेक्टर साफ केला, वायरिंग तपासलं. दिवा रविवारी लागायचा, एरवी नाही. वजनाने होतंय का बघायला राजाभाऊंनी गॅरेजमधल्या दोघांना मागे बसवून सासवड रोडपर्यंत गाडी फिरवून आणली. दिवा लागला नाही.

"गाडीला काय बी झालं नाय. तुम्ही असं करा, रविवारी चालवूच नका."

मग मी ऑफिसात करते तेच केलं. रविवारी वेगळं काय असतं? बाबा असतात, माझ्या शेजारच्या सीटवर. आधी हसू आलं. मग बाबांचं बीपी आठवलं आणि हसू गेलं.

आमच्या कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये आई-वडिलांनाही नेता येतं. बाबांना खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझंच डोकं तपासून घ्यायला लावलं असतं. "फुकट आहे, वाया जाईल," एवढंच मी त्यांना म्हणाले. आईलाही विचारलं.

"मले काय होते? अन् टँकर येणार आहे. पाणी कोण भरंल?"

म्हणून मी आणि बाबाच गेलो. बाबांचे रिपोर्ट उत्तम. येताना ते म्हणाले, "झालं समाधान? आता तुझ्या गाडीचे रिपोर्ट आण."

मी सवयीने डॅशबोर्डकडे पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. जातानाही लागला नव्हता. आणि बाबा तर शेजारीच बसले होते...

टेस्टिंगमध्ये सगळ्यात आधी शिकवतात — एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पण रविवारी बाबा एकटे कधीच नसायचे. मागच्या सीटवर आई असायची. इतकी गप्प, की मी तिला हिशेबात धरलंच नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा आई भरलेल्या पिंपांवर झाकणं ठेवत होती.

"आई, मंडईत येतेस?"

"या उन्हात?" बाबा म्हणाले. आई पिशवी घेऊन निघालीसुद्धा. बाबा घरीच थांबले. आई सवयीने मागेच बसली.

सोसायटीच्या गेटबाहेर पडतो न पडतो तोच दिवा लुकलुकायला लागला. आरशात पाहिलं. आईने मान सीटला टेकवली होती.

"बरं आहे ना गं?"

"थकली जराशी. पाणी भरलं ना."

गाडी बाजूला घेऊन बंद करायची... मला पाठ होतं. पण थांबून कोणाला काय सांगणार? गाडीचा दिवा लागला म्हणून आईला दवाखान्यात न्यायचंय? मी थांबले नाही. स्टिअरिंग हाताखाली थडथडत होतं. इंजिन बंद पडलं तर, एवढाच विचार. मंडईचं वळण मागे गेलं.

"अवो पोरी, मंडई तर मागेच राहिली."

"तुझंही चेकअप करून घेऊ."

"आता? या साडीवर?"

हॉस्पिटलच्या दारात आई उतरली, आणि थरथर थांबली. दिवा विझला. इंजिन चालूच होतं.

ईसीजी काढल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. घरी नेऊ नका, म्हणाले. चक्कर येते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आई सहज म्हणाली, "येते कधी कधी. मग ओट्याले धरून उभी राहते."

"घरी कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय होते? सैपाक तर करावाच लागते."

तिला पेसमेकर बसवला. आता ती बरी आहे.

गाडीचं त्यानंतर काहीच काम केलं नाही. आई गाडीत असते, पण दिवा पुन्हा लागलेला नाही. राजाभाऊंना विचारलं तर म्हणाले, एखादं कनेक्शन सैल असंल, आपोआप बसलं असंल. असेलही. पण मग आई नसताना ते घट्ट कसं असायचं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला गाड्यांतलं कळत असेल तर जरूर सांगा.

बाबांना मी सगळं नंतर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही, असं होत नाही," म्हणाले. मला पटलं.

आता रविवारी आई पुढे बसते आणि बाबा मागे. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागतात, मग एकेक विझतो. बाबा चष्मा लावून दोन सीटच्या मधून पुढे वाकतात आणि तो पिवळा दिवा विझेपर्यंत तसेच राहतात.

"काय बघता हो?" आई विचारते.

"पेट्रोल," बाबा म्हणतात.