मशीनरूममधली गिटार

आमच्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मशीनरूम आहे. एका दुपारी मी वाळलेले कपडे काढायला वर गेले, तेव्हा आतून विचित्र आवाज येत होता. तेल न घातलेलं दार कुरकुरावं तसा तो सुरू व्हायचा आणि मग माणसासारखा हेल काढून मध्येच थांबायचा. मोटर बिघडली असं समजून मी डोकावले. आमचे लिफ्टवाले रंगाच्या उपड्या डब्यावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर चकचकीत पत्र्याची गिटार होती.

"घाबरलात का, बाई? लिफ्ट ठणठणीत आहे. हा आवाज माझा," ते म्हणाले.

लिफ्टवाल्यांना मी बरीच वर्षं ओळखते. दर महिन्याला येतात, तेलपाणी करतात, न विचारता कुणाचं तरी कुलूप दुरुस्त करून जातात. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या पायांकडे असते. त्यात उद्धटपणा नाही, धंद्याची सवय आहे. लिफ्टमधून बाहेर पडताना माणूस अडखळतो का, हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मागे लिफ्टच्या दाराच्या साखळीत त्यांचा डावा हात सापडला. तर्जनी आणि मधलं बोट वाचलं, पण तेव्हापासून ती दोन्ही वाकत नाहीत.

त्या आधी ते साधी गिटार वाजवत आणि त्यांची थोरली बहीण गात असे. बहीण मोठ्या हॉस्पिटलात मुख्य परिचारिका. "अख्खं हॉस्पिटल तिला सिस्टर म्हणतं, पण सख्खी फक्त माझी," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. तो मी किती वेळा ऐकला असेल, देव जाणे, आणि दर वेळी हसले आहे. बोटं वाकेनाशी झाली तसं तारा दाबणं गेलं, गिटार माळ्यावर गेली. बहीण गात राहिली. हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवरचा मुलगा कीबोर्ड घेऊन तिच्या साथीला बसू लागला.

"पुढच्या महिन्यात ताई निवृत्त होतेय," ते मला म्हणाले. "निरोपाच्या कार्यक्रमात गाणार आहे. साथीला तो औषधवाला. मला म्हणाली, छोट्या, तू पहिल्या रांगेत बस." मग पुन्हा म्हणाले, "पहिली रांग." कुणी त्यांना इमारतीबाहेर काढावं, तसा तो शब्द त्यांनी उच्चारला.

"म्हणून ही गिटार?"

"म्हणून ही."

जुन्या वाद्यांच्या एका दुकानाची लिफ्ट दुरुस्त करताना ती त्यांना भिंतीवर दिसली होती. बोटांची अडचण सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "वाकत नाहीत? मग वाकवू नका." आणि ती खाली काढून त्यांच्या हातात दिली. एक महिना वाजवून बघा, म्हणाला.

मला राहवेना. मी कपडे कठड्यावर टाकले आणि जवळ जाऊन बघितलं. गिटारीच्या पोटावर जाळीदार झाकण होतं. त्याखाली पातळ पत्र्याचा शंकू बसवलेला, वाडग्याएवढा. तारांची थरथर त्यात उतरते आणि तो ती मोठी करून बाहेर फेकतो. तारा गळ्यापासून बऱ्याच उंच ताणलेल्या. लिफ्टवाल्यांच्या करंगळीत पोलादी नळीचा एक तुकडा होता. ही नळी तारांवर टेकवायची आणि सरकवायची. गंमत म्हणजे कुठेच दाबायचं नाही.

"आणि तेच जमत नाही," ते म्हणाले. "जन्मभर नट आवळले, बाई. हात कशाला लागला की दाबतोच." त्यांनी दाखवलं. नळी दाबली तशी तार गळ्यावर आपटून खडखडली. मग त्यांनी श्वास रोखून ती नुसती टेकवली, आणि मघाचा तो हेल निघाला.

"गळ्यावर या आडव्या पट्ट्या आहेत ना, हे पडदे. साध्या गिटारीवर बोट दोन पडद्यांच्या मध्ये ठेवतात. ही नळीही मी तशीच मध्ये ठेवायचो. सूर उतरायचा. दुकानदार म्हणाला, अहो, तुम्ही लिफ्टची कामं करता, आणि दोन मजल्यांच्या मध्ये कसले थांबता?"

"मग कुठे थांबायचं?"

"पडद्याच्या बरोब्बर वर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही." मग त्यांनी वाकत नसलेली दोन बोटं नळीच्या मागे तारांवर अलगद आडवी ठेवली. तिथली नको ती गुणगुण बंद झाली. "ही अशी सरळच लागतात. इतके दिवस खिशात होती, आता कामावर रुजू झाली."

त्यानंतर मी कपडे जरा जास्तच वेळा वाळत घालू लागले. लिफ्टवाले आता रोज दुपारी इथेच येत आणि डबा खाऊन झाला की वाजवत बसत. समोर मोबाइल टेकवलेला असे, त्यातल्या सूर तपासणाऱ्या ॲपवर सूर बरोबर लागला की हिरवा दिवा दिसे. हळूहळू दिवा हिरवाच राहू लागला. मग एका रविवारी ते गिटार घेऊन बहिणीकडे गेले.

परत आले ते पडेल चेहऱ्यानं.

"बेसूर म्हणाली. मी मोबाइल दाखवला. हिरवा, हिरवा, सगळा हिरवा. तर म्हणते, मोबाइल गाणार आहे का माझ्याबरोबर? औषधवाल्याला बोलावून ठेवलंय म्हणाली."

"पण तुमचा सूर बरोबर होता?"

"अगदी पडद्यावर. आणि तरी दोघांचं जुळत नव्हतं, हे मलाही ऐकू येत होतं. हे काय गौडबंगाल आहे?"

दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची काठी लिफ्टच्या तोंडाशी अडकली. लिफ्ट मजल्यापेक्षा अर्धं बोट खाली थांबत होती. मशीनरूममध्ये लिफ्टच्या तारेच्या दोरावर रंगाच्या खुणा असतात, एकेक मजल्याची एकेक. लिफ्टवाल्यांनी त्या खुणेवर दोर अचूक आणला आणि जिना उतरून खाली आले. लिफ्ट तरीही अर्धं बोट खालीच होती. मी आजींचा हात धरून उभी होते.

"खूण चुकली का हो?" मी विचारलं.

"खूण नाही चुकली. दोर ताणलाय. वय झालं की ताणतो. अशा वेळी खुणेला धरून बसायचं नसतं. पाय उंबरठ्यावर पडतो, तेव्हा उंबरठा जिथे आहे तिथे..."

आणि ते मध्येच थांबले. आजींच्या चपलांकडे बघत राहिले.

"काय झालं रे बाबा, माझी चप्पल उलटी आहे का?" आजी म्हणाल्या.

"नाही, आजी." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, ताईचाच सूर जरा खाली लागत असेल का?"

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. त्या संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. ती ओट्याशी मटार सोलत होती. मोबाइल त्यांनी बंद करून खिशात टाकला, गिटारीच्या गळ्यावरच्या पडद्यांकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि म्हणाले, "ताई, एकदाच म्हण."

"हातातलं काम सोडणार नाही मी."

"नको सोडूस."

ती गाऊ लागली. त्यांनी नळी तारेवर टेकवली आणि तिच्या आवाजाचा अंदाज घेत सरकवत नेली. पडदा यायच्या किंचित अलीकडे ती भेटली. मोबाइल चालू असता, तर दिवा नक्की लाल झाला असता. तिथेच त्यांनी नळी धरली, आणि तिचा स्वर कापला की नळीही जराशी थरथरू दिली. टरफलं भांड्यात पडायची थांबली.

"बघ," बहीण म्हणाली. "आता कसा सुरात आलास."

"हो, ताई."

"मी म्हणत होते की नाही?"

"म्हणत होतीस."

"नुसत्या त्या मोबाइलच्या नादी लागला होतास."

"चुकलंच माझं," लिफ्टवाले म्हणाले.

निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांनी मलाही बोलावलं. हॉस्पिटलच्या जेवणाच्या खोलीत टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. बहिणीनं गाण्याआधी ओळख करून दिली, "हा माझा धाकटा भाऊ. वाजवतो लहानपणापासून, सुरात आलाय गेल्याच आठवड्यात." सगळे हसले. लिफ्टवालेही हसले.

पहिल्या रांगेत माझ्या शेजारी औषधांच्या काउंटरवरचा तो मुलगा बसला होता. भला पोरगा, मनात काही न ठेवता ऐकत होता. दुसऱ्या कडव्यापाशी माझ्याकडे झुकून म्हणाला, "सिस्टरचा आवाज आज किती लागलाय. माझ्याबरोबर असा लागत नव्हता. का कुणास ठाऊक."

मी मान हलवली आणि पुढे बघितलं. लिफ्टवाल्यांची दोन सरळ बोटं तारांवर शांत पडून होती, नळी कुठे थांबतेय याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते मान वर करून बहिणीच्या तोंडाकडे बघत होते. एरवी त्यांना कुणाच्याही पायांवरून नजर वर नेताना मी पाहिलेलं नाही.