वस्ती नाई

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणायची, देवळात फोडायला दिलेला नारळ परत आला तरी हे तो आपलाच आहे का म्हणून उलटून पाहतात. खरंच आहे ते. दुकानदारानं सुपारी हसून दिली तरी मला वाटायचं, यात काहीतरी कुजकं असणार. माझ्या या स्वभावानं माझं फारसं बिघडलं नाही. दुसऱ्यांचं बिघडलं, आणि तेच सांगायचं आहे.

तेव्हा मी आर्वी तालुक्यात मास्तर होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. आमचा भाग मुंबई राज्यात जायला अजून वर्षदोन वर्षं असतील. जिल्ह्याची समग्र माहिती जमवायचं खूळ वर कुणाच्या तरी डोक्यात शिरलं. इतिहास, भूगोल, लोक, सगळं. वरच्यांना सुचतं आणि मास्तरांच्या गळ्यात पडतं, तसं ते आमच्या गळ्यात पडलं. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात, म्हणून छापील कागद हिंदीत. नदीनाले, डोंगर, जुनी देवळं, जाती, बोली असे रकाने होते आणि सगळ्यात वर पहिला प्रश्न होता, बस्ती है या नहीं. नसेल तर पुढचं काही भरायचं नाही, फक्त 'रीठ' लिहायचं. रीठ म्हणजे नकाशावर गाव आहे पण गावात माणूस नाही. आमच्याकडे अशी गावं बरीच. कधी पटकीनं, कधी दुष्काळानं लोक उठून गेले आणि नाव तेवढं मागं राहिलं.

माझ्याकडं आलेली गावं नदीपासून डोंगरापर्यंत पसरलेली. खाली वर्धा नदीकडं काळी जमीन, कपाशी, तूर, आणि बाजेवर बसवून चहा पाजणारी माणसं. वर चढत गेलं की बरड लागायचं, मग सागाचं जंगल, आणि त्यात गोंडांची विरळ घरं. खालचं काम मी आठवड्यात उरकलं. वरच्या एका गावाचं नाव राहिलं होतं. ते ज्याच्या मालगुजारीत, म्हणजे जमीनदारीत, होतं त्याच्याकडं चौकशीला गेलो. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण मालगुजार कुठं गेला नव्हता. ओसरीवर तसाच तक्क्याला टेकून बसला होता.

"ते त रीठ हाये, मास्तर," तो म्हणाला. "लिहून टाका अन् जेवाले बसा. काऊन उन्हात मरून राह्यले?"

जेवण चांगलं होतं. वांग्याची भाजी होती, भाकरीवर तेल होतं. पण जेवताना माझ्या डोक्यात एकच भुंगा. या माणसाला माझ्या उन्हाची एवढी काळजी कशाला? हात धुतले, चपला घातल्या आणि निघालो.

वर पोचलो तेव्हा सात घरं दिसली. सातही घरांच्या दारांना बांबूचे तट्टे लावलेले. पण अंगणात कोंबड्या फिरत होत्या, एका चुलीत निखारे लाल होते, आणि मोहफुलं वाळत घातली होती. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे मोहफुलं दिसली की सरकारी कागद हातात असलेल्या कुणाचीही नजर मडकी शोधायला लागायची. माझीही लागली. एका उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती. ती माझ्या पिशवीकडं बघत होती, तोंडाकडं नाही.

"बाई, इथं वस्ती आहे का?" मी विचारलं. कागदावरचा प्रश्न मी मराठीत केला, एवढंच.

तिच्या मागं तट्ट्याआड कुणीतरी गोंडीत कुजबुजलं. तिनं न वळता काहीतरी उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "नाई सायेब. वस्ती नाई."

"नाही? मग तू कोण?"

तिनं खाली हात केला. म्हणाली, "वस्ती खाली मालगुजाराच्या गावात होते. इथं नाई."

माझ्या डोक्यात सणकच गेली. दोन कोस चढून आलो, घामानं सदरा पाठीला चिकटला, आणि ही बाई घरात बसून मला सांगते इथं कुणी राहत नाही! मला वाटलं, मालगुजारानं पढवून ठेवलंय. नाहीतर आत दारूची भट्टी आहे. नाहीतर ही मला वेड्यात काढते आहे. चौथं काही असेल हे मनात आलंच नाही. तिथंच दगडावर बसून, तिच्यादेखत, मी ठसठशीत अक्षरात 'रीठ' लिहिलं. लपा म्हटलं, किती लपायचं ते. सही करताना मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

हिवाळ्यात मला नायब तहसीलदार साहेबांचं बोलावणं आलं. मालगुजारानं अर्ज केला होता की वरचं गाव रीठ आहे, तिथली जमीन मोकळी आहे, ती आपल्या ढोरांच्या चराईला मिळावी. अर्जाला पुरावा जोडला होता तो माझा कागद. त्या कागदाप्रमाणं सात घरं म्हणजे अतिक्रमण, आणि अतिक्रमण म्हणजे पाडायचं.

चौकशी जागेवरच झाली, एका मोहाच्या झाडाखाली. नायब साहेबांनी म्हातारीला विचारलं, "मास्तर आले तेव्हा तू इथं वस्ती नाही म्हणालीस का?"

"हो, म्हणलं," ती म्हणाली.

मालगुजारानं मिशीवरून हात फिरवला. साहेब म्हणाले, "मग झालं तर."

"काय झालं सायेब?" म्हातारी म्हणाली. "वस्ती नाई म्हणलं त काय चुकलं? त्याच्या आंधी एक सरकारी माणूस वस्तीले राह्यला. दोन कोंबड्या खाल्ल्या अन् सकाळी माया लेकाच्या डोक्यावर बोजा देऊन त्याले आर्वीपर्यंत नेलं. मास्तर वस्तीले राह्यले असते त मी काय देलं असतं?"

माझे कान तापले. वस्ती म्हणजे मुक्काम. आमच्या घरीही आम्ही तेच म्हणायचो, मामा आज वस्तीला आहेत. मी तिला विचारलं होतं, आज इथं मुक्कामाची सोय होईल का. आणि तिनं सभ्यपणे मला खालच्या गावाची वाट दाखवली होती. पोरांना मराठी शिकवायचा पगार घेणाऱ्या मला एक शब्द कळला नव्हता, आणि विचारून घ्यायची अक्कलही नव्हती.

नायब साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही चूल पेटलेली पाहिली होती?"

मालगुजार माझ्याकडं बघत होता. नाही म्हटलं असतं तर नोकरीला धक्का नव्हता, आणि पुन्हा वांग्याची भाजीही मिळाली असती.

"पाहिली होती," मी म्हणालो.

"मग रीठ का लिहिलंत?"

"राग आला होता साहेब."

त्यांनी ते तसंच टिपून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं, आणि नवा कागद भरून आणायचा हुकूम झाला. अर्ज फेटाळला गेला.

नवा कागद घेऊन गेलो तेव्हा पाचच घरांत माणसं होती. घरं पाडणार हे कानावर आल्याबरोबर दोन कुटुंबं नदीपलीकडं निघून गेली होती. घरं पडणार नाहीत हे त्यांना सांगायला कुणाला पाठवणार? पलीकडं कुठल्या गावी गेली तेच कुणाला माहीत नव्हतं. मी पाच लिहिली. ती दोन घरं मीच उठवली, मालगुजारानं नाही. हे मी अजूनही कुणाला दुसऱ्या शब्दांत सांगू शकत नाही.

लिहून झालं तशी म्हातारी म्हणाली, "वाचा." मी वाचलं. सगळ्यांची नावं, बोली गोंडी, धंदा शेती आणि जंगलातली मजुरी. ती घरात गेली, शेण काढलं, पाणी भरलं, तासाभरानं आली आणि म्हणाली, "आता वाचा." तिला अक्षर येत नव्हतं. कागदावर खरंच लिहिलं असेल तर शब्द दर वेळी तेच निघतील, हा तिचा हिशेब. मी वाचलं. मग जेवणं झाली. मला कुणी वाढलं नाही आणि मी मागितलंही नाही. दुपार कलल्यावर ती पुन्हा समोर येऊन बसली.

तिसऱ्यांदा वाचताना तिनं मला मध्येच थांबवलं.

"पयल्यांदा तुम्ही मायं नाव आंधी घेतलं होतं," ती म्हणाली.

तिचं नाव कागदावर पहिलंच होतं. ओळ चुकली होती ती माझी. मी पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली, एकेका नावाखाली बोट ठेवून, आणि ती माझं बोट बघत राहिली.