चांगुणाबाईंची पांढरी साडी

दौंडच्या कडेला, शेतं संपून प्लॉट सुरू होतात तिथं एका बिल्डरने वसाहत उठवली आणि तिला नाव दिलं ‘अमृतधारा पार्क’. नाव ठेवणाऱ्याने तिथल्या नळाचं पाणी एकदा तरी तोंडात घ्यायला हवं होतं. बोअरचं ते पाणी इतकं जड, की कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या तरी तूरडाळीचा दाणा न् दाणा वेगळा राही. साबण चोळला तर फेसाऐवजी अंगावर चिकट थर बसे. नवे नळ वर्षाच्या आत पांढऱ्या दाढ्या वाढवून बसत, आणि गीझर तर माणसांपेक्षा जास्त आजारी पडत.

सगळ्यात मोठी दैना पांढऱ्या कपड्यांची. पौर्णिमेला विहारात जायचं म्हणजे पांढरी साडी हवी, आणि इथं पांढरी साडी दोन-चार धुण्यांत राखेच्या रंगाची व्हायची. बायकांनी शेवटी वैतागून मोतिया आणि क्रीम रंगाशी तडजोड केली. विहारात पांढरंशुभ्र दिसायचं ते एकट्या चांगुणाबाईंचं पातळ आणि त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या नवऱ्याचा, साहेबरावांचा, सदरा.

साहेबराव रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून रिटायर झाले, तोवर दोघं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिली. तिथल्या नळाला गोडं पाणी होतं. स्वतःचं घर झालं आणि पाणी गेलं. पण चांगुणाबाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. एकदा दाढ दुखते म्हणून त्या कोपऱ्यावरच्या डेंटिस्टकडे गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता. बाहेर एसीच्या नळीतून पाणी गळत होतं. त्यांनी त्याखाली हात धरला, पिशवीतली साबणाची वडी काढून चोळली, तर ओंजळभर फेस! दाढ विसरून बाई फेसाकडेच बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या नळीखाली त्यांची बादली लागली, आणि पांढरे कपडे त्याच पाण्यात धुतले जाऊ लागले. वसाहतीतल्या बायका त्या बादलीला हसायच्या; शेजारची अंजना तर त्यांना ‘एसीवाल्या काकू’ म्हणायची. बादली उचलून आणायचं काम साहेबरावांकडे आलं. “जलमभर गाड्या इकडच्या तिकडं केल्या, आता बादल्या करतोय,” असं ते रोज म्हणत आणि रोज आणत.

या घरात एक नियम मात्र पोलादी होता. प्यायचं पाणी फक्त प्यायचं. फिल्टरचा जार दारात येई, पण त्यातला थेंब कपड्याला किंवा भांड्याला लावायचा नाही. त्यांची मुलगी तेजश्री लहान असताना तिने बाहुलीचा झगा माठात बुचकळला होता. आईच्या हातचा आयुष्यातला एकमेव फटका तिने तेव्हा खाल्ला. का, ते तिला कधी कळलं नाही.

तर या तेजश्रीचं लग्न ठरलं. विहारातच, साधंसं. आणि तिने लहानपणापासून मनाशी घोकलेलं, की आईने स्वतःच्या लग्नात नेसलेली पांढरी सुती साडीच नेसायची. साडी ट्रंकेत जपलेली होती, घड्यांवर थोडी पिवळी पडलेली. लग्नाला आठवडा उरला असताना चांगुणाबाई खुटबावला आमंत्रण द्यायला गेल्या आणि तेजश्रीला अवदसा आठवली. आई यायच्या आत साडी धुऊन तिला चकित करावं! नळ सोडला. फेस येईना, म्हणून आणखी साबण. डाग जाईना, म्हणून ब्लीचिंग पावडर. बोअरच्या पाण्यात लोखंडाचा अंश होता, तो पावडरीने उठला आणि कापडावर येऊन बसला. साडी बाहेर आली ती अंगभर गंजाचे ठिपके घेऊन.

“आई, मी वाट लावली तुझ्या साडीची.” दारातच तेजश्रीला हुंदका फुटला.

चांगुणाबाईंनी साडी उजेडात धरली. निरखली. बोटाने चोळून पाहिली.

“वाट न्हाई लागली. पानी बसलंय तिच्यात. उठवू त्याला.”

“नवी घेऊ की,” साहेबराव म्हणाले. दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते न सांगता बादली घेऊन बाहेर पडले.

मग गच्चीवर लिंबू, मीठ आणि ऊन यांचं राज्य सुरू झालं. ठिपके फिकट होत होते, पण दर खेपेला साडी गोड्या पाण्यात खळबळावी लागे. नळाचं पाणी लागलं की केलेलं मातीत. त्यात मे महिन्याची कोरडी हवा, डेंटिस्टची नळी नुसती टिपटिप करायची. तेव्हा अंजना पुढं झाली. “काकू, तुम्ही निस्तं सांगा.” बँक, मोबाईलचं दुकान, रक्त तपासायची लॅब, जिथं एसी दिसला तिथं वसाहतीतल्या बायकांनी बादल्या लावल्या. ज्या बादलीला त्या हसल्या होत्या, तीच आता त्यांच्या हातात होती. चांगुणाबाई कुणाला टोमणा मारतील तर शपथ! उलट प्रत्येकीला चहा. अशा बाईचं कौतुक करायचं नाही, तर कुणाचं करायचं?

लग्नाच्या आदल्या दुपारी शेवटचा ठिपका गेला. साडीत फक्त लिंबाचा आंबटपणा उरला होता. तो निघाला नाही तर इस्त्रीखाली कापड करपलं असतं. एकदा खळबळली की झालं. आणि नेमकी वीज गेली. डीपीच जळाला होता, दुसऱ्या दिवसाशिवाय दुरुस्त होणार नव्हता. गावभरच्या नळ्या कोरड्या पडल्या.

स्वयंपाकघरात जार भरलेला होता. तेजश्रीची नजर तिकडं गेली आणि तिने ती लगेच वळवली.

“राहू दे आई. आणू नवी. बाबा म्हणतात तशी.”

चांगुणाबाई जाराशेजारी खाली बसल्या.

“माझ्या लग्नाच्या आदल्या दिशी आमच्या वस्तीचा आड आटला हुता. गावच्या हिरीवर आमाला पाय ठेवू देत नव्हते. आई लांब झऱ्यावरनं कळशी आनायची, तेवढंच प्यायला. ती कळशी तिनं या साडीवर वतली. म्हनली, माझी पोर मळक्यात उभी ऱ्हानार न्हाई.” त्यांनी जारावर हात ठेवला. “रातभर धाकटा भाऊ पानी पानी करत हुता. मी उशाला ही साडी घिऊन ऐकत पडले. तवापासनं प्यायच्या पान्याला मी दुसऱ्या कामासाठी हात लावू देत न्हाई.”

तेजश्रीला तो लहानपणचा फटका आठवला. इतक्या वर्षांनी गाल झणझणला.

“मग नको ओतूस, आई. खरंच नको.”

“तवा घरात दुसरं पानी नव्हतं. आज वसाहतीत घरोघरी जार हायेत.” चांगुणाबाई उठल्या. साडी टबात पसरली. जारातलं पाणी आधी तांब्यात काढलं, काठोकाठ, आणि लेकीपुढं धरलं.

“आधी तू पी. पोटभर.”

तेजश्रीने तांब्या तोंडाला लावला. तो पुरता रिकामा होईपर्यंत चांगुणाबाईंनी जार तिरका केला नाही.