शुक्रवारचं घर

परभणीत मी शिकलो तो वार लावून. आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचं. वार मात्र माझे सहाच होते. निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. गुरुवारी शाळा सुटली की मी झरीच्या वाटेने गावाकडे चालू लागे आणि शनिवारी पहाटे निघून शाळेच्या वेळेला परत येई. त्यामुळे शुक्रवारचं घर मला कधी लागलंच नाही.

त्या सहा घरच्या बायांना मी वारावरूनच हाक मारी. सोमवारच्या काकू, बुधवारच्या काकू. सोमवारच्या काकूंचं घर महादेवाच्या भक्तीतलं. माझ्या ताटात गरम भाकरी टाकून त्या समोर बसत, पण स्वतः कधी जेवत नसत. त्यांना सोमवारचा कडक उपास असतो, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर मी दर सोमवारी त्यांच्यापुढे बसून पोटभर जेवत होतो.

पुढे हैदराबादेहून बी.ए. होऊन मी परभणीच्याच शाळेत मास्तर झालो. आमच्या घराण्यात सही करता येणारा मी पहिलाच. खोली भाड्याने घेतली त्याच दिवशी ठरवलं, की सहाही जणींना एकदा आपल्या घरी जेवायला बोलवायचं, आणि त्या दिवशी त्यांच्यातल्या एकीलाही चुलीपाशी उठू द्यायचं नाही.

अडचण एवढीच होती की मला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं. आधी वार, मग बोर्डिंग. आयतं जेवण्यात जन्म गेला. आई तर मी मॅट्रिकला असतानाच गेली होती.

शाळेतल्या म्हाताऱ्या चपराशाने तोड काढली. "चूल्हे को हातइच नको लगाव, मास्टर साब. दही लेव, लाह्या डालो, खलास!"

मला ते एकदम पटलं. शाळेच्या भिंतीवरच्या उर्दू कॅलेंडरात निजामी सालाच्या बहमन महिन्यातला एक शुक्रवार बघितला आणि सहाही घरी जाऊन आमंत्रण देऊन आलो. त्या दिवशी सकाळी ज्वारीच्या लाह्या, गवळ्याकडचं घट्ट दही, हिरवी मिरची, कोथिंबीर असा पातेलंभर काला स्वतः कालवला. चूल नाही, धूर नाही. पातेल्यावर पंचा झाकला, शेजारून आणलेली सतरंजी अंथरली आणि वाट बघत बसलो.

दुपारी सगळ्या आल्या. सोमवारच्या काकू सतरंजीवर टेकता टेकता म्हणाल्या, "लेकरू लय हुशार निघालं बघ. एकादस धरूनच बोलावलं. चुलीची कटकटच न्हाई."

शाळेच्या कॅलेंडरात जुम्मा होता, ईद होती, सरकारी सुट्ट्या होत्या. एकादशी नव्हती. आणि मी पंचांग उघडलंच नव्हतं.

गप्प राहावं असं क्षणभर वाटलं. शहाणपणाचं श्रेय आयतंच मिळत होतं. पण बुधवारच्या काकूंनी तोवर पातेल्यावरचा पंचा उचलला होता.

"अगं बया! ह्ये काय, लाह्या?"

"काला," मी म्हणालो. "मला एकादशी ठाऊकच नव्हती, काकू. मी जुम्मा बघितला."

मग सोमवारच्या काकूच आधी हसल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "हैदराबादेत एवढी बुकं वाचलास, अन् एकादस कवा येती ते शिकीवलं न्हाई व्हय रे तुला कुणी?"

बुधवारच्या काकूंनी पदर खोचला. "सरक बाजूला. जरा भगर टाकते. किती येळ लागतो!"

मी चुलीच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभा राहिलो. "नाही काकू. तुम्ही बसा."

"बसू, अन् खाऊ काय? तुझं तोंड?"

"घटकाभर द्या. उठायचं मात्र कुणीच नाही."

त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि त्या परत सतरंजीवर बसल्या.

मी बाजाराकडे धावलो. केळी, खजूर, गूळ, तांब्याभर दूध घेतलं. कोपऱ्यावर एक बाई टोपलीत रताळी घेऊन बसली होती. ती दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. जगात एवढी एकच गोष्ट मला भाजता येत होती. लहानपणी शेतात राखण करताना आम्ही रताळी राखेतच पुरायचो. घरी येऊन गोवऱ्या पेटवल्या, विस्तव पडल्यावर रताळी आत ढकलली आणि फुंकणीने फुंकत बसलो. डोळे धुराने चुरचुरत होते. मागे सतरंजीवर सहा जणी पाय पसरून गप्पा मारत होत्या. कुणाच्या सुनेचं चाललं होतं, कुणाच्या गुडघ्याचं. चुलीकडे पाठ करून बसलेल्या त्या मी पहिल्यांदाच बघत होतो.

साल काढून, गूळ ठेवून, एकेकीला मी हाताने वाढलं. दूध दिलं. सोमवारच्या काकू खात असताना मी समोर बसून राहिलो.

"तू न्हाई खायलास?" त्यांनी विचारलं.

"आधी तुमचं होऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग रताळ्याची जळकी बाजू नखाने खरवडत बाकीच्यांना म्हणाल्या, "शुक्रवारचं घर चांगलं हाय गं. रताळी तेवढी करपवायलंय."

संध्याकाळी चपराशी आला आणि काल्याचं पातेलं उचलून आपल्या घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत भेटल्यावर म्हणाला, "नमक कम था, मास्टर साब."