अकोल्याहून आलेला उसना फूड प्रोसेसर

मशीन ओट्यावर ठेवली तेव्हा तिच्या पात्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. अर्चनाताईंच्या अकोल्याच्या बहिणीनं ती हौसेनं घेतली आणि माळ्यावर टाकून दिली होती. आता आठवडाभरासाठी उसनी आमच्याकडे अमरावतीला आली. पसंत पडली तर अर्चनाताई नवीन घेणार होत्या.

मी त्यांच्या घरची पोळीवाली. म्हणायचं पोळीवाली, करायचा सगळा स्वयंपाक.

फूड प्रोसेसर म्हणजे काय, ते सांगते. मिक्सर वाटतो. हा चिरतो, किसतो आणि कणीकही मळतो. खाली मोटर, वर मोठं भांडं, आणि कामाप्रमाणे बदलायची पाती.

"काकू, तुम्ही वापरून पाहा आणि खरं सांगा," अर्चनाताई म्हणाल्या.

त्यांच्या सासूबाईंना आम्ही सगळे आजी म्हणतो. त्या खुर्चीतूनच बोलल्या, "त्यात काय पाहाचं? मशीनीच्या कणकेची पोळी चामट होते. मी नाही खात."

"आजींना पोळी चालली तरच घेऊ," असं म्हणून अर्चनाताई बँकेत गेल्या.

इथंच माझी पंचाईत होती. माझा उजवा खांदा कामातून गेला होता. कणीक मळताना डोळ्यापुढे काजवे चमकायचे. डॉक्टर म्हणाले, मळणं बंद करा. पण ज्या पोळीवालीचा खांदा दुखतो तिच्या जागी लोक दुसरी पाहतात, म्हणून मी कोणाला सांगितलं नव्हतं. मशीन राहिली तर मी राहणार, एवढा साधा हिशेब.

पहिल्या दिवशी सांबारवडी केली. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. धुतलेला सांबार मशीनीत टाकला, बटण दाबलं, झाकण उघडलं तर हिरवा चिखल.

"हे वडीचं सारण हाय का गाईचं खाणं?" आजींनी विचारलं.

कांद्याचंही तेच. अर्धा मोठा, अर्धा पाणी. गाजर आणि खोबरं मात्र छान किसलं गेलं. पण गाजराचा हलवा काही रोज होत नाही. पोळी रोज होते. म्हणून मी कणकेवर डाव लावला.

आजींची आंघोळ लांबते. त्या बाथरूममध्ये गेल्या की मी मशीनीत पीठ, मीठ, तेल टाकायची आणि वरून पाणी सोडायची. पिठाचा गोळा होऊन गरगर फिरायला लागला की बंद करायची. गोळा परातीत घ्यायचा. मशीनवर टॉवेल टाकायचा. मग कोपरापर्यंत पीठ फासून उभी राहायची. आजी बाहेर आल्या की मी कपाळ पुसायची.

"पोळी कशी आहे, आजी?"

"हाताची हाय. अजून काय पाहिजे?"

अख्खा आठवडा हेच चाललं. रविवारी अर्चनाताई घरी होत्या. म्हणाल्या, आज सगळ्यांसमोर मशीनीच्या पोळ्या करा. मी म्हटलं, करते. आजी आंघोळीला गेल्या, अर्चनाताई बाहेरच्या खोलीत होत्या, तेवढ्यात मी दात आवळून कणीक हातानंच मळली आणि मशीन नुसतीच रिकामी फिरवली. आजी नावं ठेवणार, मग मी खरं सांगणार, असा माझा बेत.

आजींनी घास तोंडात घातला. "चामट."

मी कमरेवर हात ठेवले. "आजी, ही हाताची हाय. मशीनीची तुमी आठवडाभर खाऊन राहिल्या."

आजींनी पोळीचा दुसरा तुकडा मोडला. "मले मालूम हाय. मी आंघोळीले जातो, बहिरी नाही होत. चक्कीवानी आवाज येते."

"मग बोलल्या काहून नाही?"

"पोळी चांगली लागत होती. आजची चामट हाय ते खरं. तुह्या हातात जोर नाही राहिला. फळीवरचा डबा डाव्या हातानं काढतं. खांदा गेला न तुहा?"

अर्चनाताई माझ्याकडे पाहायला लागल्या. खोटं बोलायला काही जागाच उरली नव्हती. म्हटलं, "गेला."

"मग मशीन घेऊन टाक वं अर्चना," आजी म्हणाल्या. "नवी पोळीवाली शोधाचा ताप कोनाले पाहिजे? थे मीठ भलतंच टाकन."

मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात मोरीतून भांडेवाली रेखा बोलली, "घ्या न. पन त्याचे पाते मी नाही घासणार. आठवडाभर बोटं कापून घेतले. या काकू पीठ वाळवून ठेवते."

घराघरातली रीत अशी, की पोळीवाली उष्ट्या-खरकट्या भांड्यांना हात लावत नाही. ते काम भांडेवालीचं. पोळीवालीनं एकदा भांडं घासलं की पुढे सगळी तिच्याच गळ्यात येतात. मी जन्मात कोणाच्या घरी चमचा विसळला नव्हता.

"मग नको घ्यायला," अर्चनाताई म्हणाल्या.

आजी माझ्याकडे पाहून मजेत पोळी खात होत्या. मी पदर खोचला. मग भांडं आणि पातं उचललं आणि मोरीत बसले. रेखा सरकून बसली. "कोपऱ्यातलं पीठ राहिलं, काकू," म्हणाली.

नवी मशीन आली. कणकेचं भांडं ओट्यावर असतं. बाकीची पाती माळ्यावर आहेत, अकोल्याच्या बहिणीच्या मशीनीसारखीच, प्लास्टिकमध्ये. सांबार मी विळीवर चिरते.

आता शेजारणी विचारतात, घेऊ का. मी म्हणते, रोज कणीक मळायची असेल आणि ओट्यावर जागा असेल तर घ्या. पण दुकानात जाण्याआधी मोरीत बसणारीला विचारा.